सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) उडणाऱ्यांसाठी माइल्सची क्रेडिट कार्डं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात, टिळकवाडीत लोकांचे हिशेब लिहितो, विवरणपत्रं भरून देतो. कार्डं विकत नाही आणि कुठल्या बँकेकडून मला दलालीही मिळत नाही. जुलैत कागद घेऊन आलेला माणूस उठता उठता खिशातून कार्ड काढतो आणि विचारतो, "ह्याच्यावर विमान फुकट मिळतंय म्हणे, खरं काय हो?" मग तोच प्रश्न त्याचा मेहुणा फोनवर विचारतो. असे फिरून फिरून येणारे प्रश्न इथं एका जागी घेतले आहेत. बँकांचे आकडे दिलेत तिथं शक्यतो साल किंवा तारीखही दिली आहे. कार्ड घेण्याआधी तो आकडा अजून तोच आहे का, हे बँकेच्या चालू नियमांत बघून घ्या.

१. पॉइंट आणि माइल एकच ना?

नाही. पॉइंट बँकेचे, माइल विमान कंपनीचे. आपल्या भागात सांगायचं तर पॉइंट म्हणजे शेतात उभा असलेला ऊस. तो कुठल्या कारखान्याला घालायचा हे अजून तुमच्या हातात असतं. माइल म्हणजे काट्यावर चढून गाळपाला गेलेला ऊस. तो परत आणता येत नाही. बँकेकडून विमान कंपनीच्या खात्यात पॉइंट पाठवले की त्यांचे माइल होतात आणि बँक ते माघारी घेत नाही.

काही कार्डांवर मात्र मधला टप्पाच नसतो. विमान कंपनीचं नाव छापलेलं को-ब्रँड कार्ड असेल तर माइल्स बहुधा थेट त्या कंपनीच्या खात्यात पडतात. त्यातलं कुठलं घ्यावं, ते प्रश्न ६ मध्ये.

आणखी एक. नाव माइल असलं तरी त्याचा अंतराशी संबंध उरलेला नाही. एअर इंडियानंसुद्धा २०२४ मध्ये किती लांब उडलात हे सोडून तिकिटाला किती पैसे मोजलेत त्यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली.

२. एका कार्डावर ५ पॉइंट, दुसऱ्यावर १२. बारावालं चांगलं ना?

टन बघून उसाचा भाव ठरवू नका, साखरेचा उतारा बघा. कार्डाचा उतारा म्हणजे किती पॉइंटांचे किती माइल होतात ते प्रमाण. तीन कार्डं घेऊ.

पहिल्यावर १५० रुपयांना ५ पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटचा एक माइल होतो. १०० रुपयांना पडले ३.३३ माइल. दुसऱ्यावर १०० रुपयांना फक्त २ पॉइंट, पण एका पॉइंटचे दोन माइल. १०० रुपयांना ४ माइल. तिसऱ्यावर २०० रुपयांना १२ पॉइंट, पण ५ पॉइंटांचे २ माइल. म्हणजे १०० रुपयांना ६ पॉइंट आणि त्यांचे २.४ माइल. जाहिरातीत सगळ्यांत मोठा आकडा तिसऱ्याचा, हातात सगळ्यांत कमी तोच देतो.

त्यानंतर टप्पा बघा. "१५० रुपयांना" म्हणजे पुरे १५० झाले तरच. बिल २९० रुपयांचं असेल तर बहुतेक बँका एकच टप्पा मोजतात आणि वरचे १४० रुपये वाया जातात. किराणा, औषधं, हॉटेलातलं जेवण असे बारीक खर्च करणाऱ्याला १०० चा टप्पा परवडतो.

तिसरी गोष्ट, कमाल मर्यादा. जास्तीचे पॉइंट महिन्याच्या ठरावीक खर्चापर्यंतच मिळतात. पॉइंट पाठवण्यावरही वर्षाची मर्यादा असू शकते. अ‍ॅक्सिसच्या अ‍ॅटलास कार्डावर २०२४ च्या नियमांत वर्षाला दीड लाख पॉइंटच पाठवता येत होते, आणि त्यातही ज्या गटात मोठ्या परदेशी कंपन्या आहेत त्याला ३० हजारच. आपल्यासारख्यांना ही मर्यादा क्वचितच लागते, पण उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एकाला लागली होती, म्हणून लिहिलं.

३. एक माइल म्हणजे किती पैसे?

कंपनीनं छापलेला भाव असा नसतो. तुम्ही काढाल तो भाव. ज्या दिवशी जायचंय त्या दिवसाचं तेच विमान दोनदा बघा, एकदा पैशांत आणि एकदा माइल्समध्ये. पैशांत तिकीट ५,२०० रुपये. माइल्समध्ये ६,००० माइल आणि वर ९०० रुपये कर. माइल्सनं वाचवले ४,३०० रुपये. भागिले ६,००० म्हणजे माइलला साधारण ७२ पैसे.

"फुकट" तिकिटावर कर आणि शुल्क रोखीनं भरावं लागतं. लोक नेमकं तेच वजा करायला विसरतात.

दुसरी चूक अशी की दीड लाखाचं बिझनेस क्लासचं तिकीट माइल्सवर काढायचं आणि माइलला दोन-अडीच रुपये पडले म्हणून खूश व्हायचं. ते तिकीट तुम्ही खिशातल्या पैशांनी कधीच काढलं नसतं. मग दीड लाख वाचले कसे? जो प्रवास तुम्ही एरवी केलाच असता, त्याचाच भाव धरा. पुढच्या सगळ्या हिशेबात मी ७२ पैसे धरलेत. तुमचा आकडा वेगळा येईल, तो टाका.

४. महिन्याला पंधरा-वीस हजार खर्च होतो. माइल्सचं कार्ड घेऊ काय?

नको. हिशेब असा.

माइल्सच्या चांगल्या कार्डांची वार्षिक फी साधारण पाच हजारांच्या घरात असते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ५,९०० रुपये. समजा १०० रुपयांना ३ माइल मिळतात, ७२ पैशांनी ते २ रुपये १६ पैसे झाले. तुमच्याकडं आजच बिनफीचं, एक टक्का रोख परत देणारं कार्ड असेल तर माइल्सच्या कार्डानं १०० रुपयांमागं जास्तीचं दिलं फक्त १ रुपया १६ पैसे. ५,९०० रुपये फी भरून निघायला वर्षाला पाच लाखांच्या वर खर्च हवा, महिन्याला ४२ हजारांच्या वर. आणि तोही पॉइंट मिळणारा खर्च. भाडं, पेट्रोल, सरकारी भरणा, वीजबिल असं बरंच काही ह्यातून वगळलेलं असतं.

पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट मिळतात, त्यात फी निघून जाते. म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब दाखवून कार्ड विकणाऱ्याला दुसऱ्या वर्षाचा विचारा.

५. आमचा विमानतळ सांबरा. इथून जाणाऱ्याला कुठले माइल्स कामाचे?

कार्डांची तुलना करणारं जे काही वाचायला मिळतं ते मुंबई-दिल्लीच्या माणसानं लिहिलेलं असतं. त्याच्या दारात पंचवीस कंपन्यांची विमानं उतरतात. आपल्या दारात उतरतात त्या मुख्यतः इंडिगो आणि स्टार एअर. लहान शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत २०१९ मध्ये बेळगाव आलं तेव्हा सांबऱ्याला जीव आला, पण मार्ग दर हंगामाला कमी-जास्त होतात. आज असलेलं विमान दिवाळीनंतर असेलच, असं धरून वर्षभर माइल्स जमवू नका.

स्टार एअर आपल्या शेजारची, घोडावत समूहाची. पण बँकांच्या पॉइंट पाठवायच्या ज्या याद्या मी पाहिल्या त्यांत तिचं नाव मला दिसलेलं नाही. तिचं तिकीट कार्डानं काढा, खर्चाचे पॉइंट घ्या, तिथं संपलं.

इंडिगोची ब्लूचिप ही योजना २०२४ मध्ये आली. सांबऱ्याहून बेंगळुरू, हैदराबादला वारंवार जाणाऱ्याला घराजवळ खर्च करता येईल असं चलन मला हे एकच दिसतं. मात्र इंडिगो विमान कंपन्यांच्या कुठल्याच मोठ्या आघाडीत (एकमेकींच्या माइल्सवर तिकीट देणाऱ्या कंपन्यांच्या गटात) नाही. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्तान्साही त्यातच. म्हणून क्रिसफ्लायरचे, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेचे, माइल्स एअर इंडियाच्या विमानावर वापरता येतात, सांबऱ्याच्या धावपट्टीवर मात्र त्यांचा उपयोग नाही.

म्हणजे परदेशी माइल्स जमवणाऱ्या बेळगावकराचं तिकीट मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्याहून सुरू होतं. तिथवर जायचं कसं, हाच खरा प्रश्न. चार वाटा आहेत.

गोवा जवळ, पण चोर्ल्याचा घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. मोपा की दाभोळी हेही नीट बघा. मोपा उत्तर गोव्यात आणि दाभोळी वास्कोला. दोघांवरही "गोवा"च लिहिलेलं असतं आणि चुकीच्या विमानतळावर पोचलेले लोक मला माहीत आहेत. टॅक्सीला चार हजार गेले तर ७२ पैशांच्या भावानं साडेपाच हजार माइल्स घाटातच संपले म्हणायचे.

हुबळी हायवेनं दोन तासांवर, कोल्हापूरही तेवढंच. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मी ह्याच वाटा सुचवतो.

बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. पण स्टेशन शहरात आणि विमानतळ देवनहळ्ळीला. मधे दीड-दोन तास धरा.

चौथी वाट म्हणजे सांबऱ्याहून इंडिगोनं जायचं आणि पुढं माइल्सचं तिकीट. ही दोन वेगळी तिकिटं झाली. सामान बेंगळुरूला उतरवून परत द्यावं लागतं. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नाही. धुक्यात, पावसात सांबऱ्याची विमानं रखडतात हे आपण सगळेच भोगतो. मी अशा प्रवासात आदल्या दिवशीच पोचायला सांगतो. लॉजचे पैसेही हिशेबात धरा.

६. विमान कंपनीच्या नावाचं कार्ड बरं की बँकेचे पॉइंट देणारं?

माझं मत बँकेच्या पॉइंटच्या बाजूनं आहे. कारण प्रश्न ५ मध्येच आलं: आपल्याकडं कुठली कंपनी टिकेल ह्याची खात्री नाही. ऊस शेतात असेपर्यंत कारखाना बदलता येतो.

अपवाद एकच. कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा एकाच कंपनीनं जाणारा, आणि तिकीट स्वतःच्या कार्डानं काढून ऑफिसकडून पैसे घेणारा माणूस. त्याला को-ब्रँड कार्ड परवडतं.

७. नियम सारखे बदलतात म्हणतात. नक्की किती बदलतात?

चार दाखले देतो.

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. तिची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून माइल्स लगेच बुडाले नाहीत, पण ज्या विमानासाठी ते साठवले ते विमानच उरलं नाही.

अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं प्रकरण माहीतगारांच्या तोंडी अजून आहे. १ सप्टेंबर २०२३ च्या आधी ५ पॉइंटांचे ४ माइल व्हायचे आणि महिन्याला एक लाख खर्च केला की वर २५ हजार पॉइंट. त्या तारखेपासून ५ चे २ माइल झाले, २५ हजारांचा टप्पा गेला आणि फी १० हजारांवरून साडेबारा हजार झाली. ज्यानं दहा हजार पॉइंट साठवले होते त्याचे आठ हजार माइल व्हायचे, ते चार हजारांवर आले. प्रश्न २ मधलं तिसरं कार्ड हेच.

विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिच्या क्लब विस्तारा योजनेचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब योजनेत एकास एक गेले. पण विस्ताराच्या नावाची जी कार्डं बँकांनी वाटली होती, ज्यांच्यावर ठरावीक खर्चाला फुकट तिकिटाचं व्हाउचर मिळायचं, ते टप्पे पुढच्या काही महिन्यांत बंद झाले.

आणि एअर इंडियाच्या नावाचं एसबीआय कार्ड. एअर इंडियाच्या तिकिटावर १०० रुपयांना प्लॅटिनमवर १५ पॉइंट होते, ३१ मार्च २०२५ पासून ५ झाले. सिग्नेचरवर ३० चे १० झाले. कार्ड तेच, रंग तोच, उतारा तिसऱ्या हिश्शावर.

आणि बँक बदलली नाही तरी विमान कंपनी बदलते. काल ६,००० माइल्सला असलेली सीट उद्या ९,००० ला. हल्ली बऱ्याच कंपन्या माइल्सचा भावही तिकिटासारखा रोज हलवतात.

८. असं बदलायच्या आधी बँकेनं सांगायला नको काय?

शुल्क बदलायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांप्रमाणं किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि बदल पुढच्या तारखेपासूनच लावता येतो. शुल्कातला बदल तुमच्या तोट्याचा वाटला तर बाकी चुकती करून, जादा पैसे न भरता कार्ड परत करण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

खाच अशी की नियमातला शब्द "शुल्क" आहे. पॉइंट किती द्यायचे हे शुल्क नव्हे, आणि ते केव्हाही बदलण्याचा अधिकार बँका आपल्या अटींत राखून ठेवतात. बहुतेक बँका महिनाभर आधी ईमेल टाकतात खऱ्या, पण तो ईमेल कर्जाच्या आणि सेलच्या वीस ईमेलांत बुडालेला असतो. बँकेच्या नावापुढं "सुधारित अटी" किंवा "वैशिष्ट्यांत बदल" असा विषय दिसला तर तेवढा उघडा. त्यात तारीख शोधा. त्या तारखेच्या आत पॉइंट जुन्या प्रमाणात पाठवता येतात.

फी चुकीची लागली, बंद करायला टाळाटाळ झाली, अशी तक्रार असेल तर आधी बँकेकडं लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीचा नंबर १४४४८.

९. मग पॉइंट आले की लगेच विमान कंपनीकडं पाठवून टाकू?

उलट. सीट दिसेपर्यंत पाठवू नका.

माझंच सांगतो. आई-वडिलांना घेऊन जायचं होतं, तीन सीट माइल्सवर दिसत होत्या. मी रात्री साडेअकराला पॉइंट पाठवले आणि झोपलो. माइल्स पोचायला दोन दिवस लागले. तोवर तिघांतली एकच सीट उरली होती. माइल्स परत येत नाहीत. ते खात्यात पडून राहिले, आणि वर्षभरानं वापरले तेव्हा तोच प्रवास जवळजवळ दीडपट माइल्सचा झाला होता. आईनं विचारलं, "फुकटचं होतं की रे, मग एवढा जीव का खातोस?" उत्तर नव्हतं.

तेव्हापासून क्रम असा: विमान कंपनीच्या खात्यात शिरून सीट बघायची, आपली बँक त्या कंपनीला पॉइंट किती वेळात पोचवते ते विचारायचं, काही कंपन्या सीट दोन दिवस धरून ठेवतात का ते बघायचं, आणि मगच पाठवायचे. पाठवण्याचं शुल्क असेल तर तेही.

पण साठवण्यालाही हद्द आहे. प्रश्न ७ वाचलात तर कळेल की पॉइंट हे एफडी नव्हे. व्याज नाही, हमी नाही, आणि दुसऱ्याच्या मर्जीनं किंमत घटते. मी स्वतः एका प्रवासाला पुरतील एवढेच ठेवतो. माइल्सना मुदतही असते: क्रिसफ्लायरचे तीन वर्षांत संपतात, ब्रिटिश एअरवेजचे एव्हिओस ३६ महिने काहीच हालचाल नसेल तर जातात.

१०. पोरीचं लग्न आहे. सोनं कार्डावर घेतलं तर भरपूर माइल्स मिळतील ना?

दोन ठिकाणी अडतं. एक, बरीच कार्डं दागिन्यांवर पॉइंटच देत नाहीत. अ‍ॅटलासच्या २०२४ च्या नियमांत सोनं-दागिने, विमा, वीजबिल, भाडं, सरकारी भरणा सगळं वगळलेलं होतं. तुमच्या कार्डाची वगळलेल्या खर्चांची यादी आधी वाचा.

दोन, पेढीवर "कार्ड असेल तर दोन टक्के वर" असं ऐकावं लागतं. १०० रुपयांमागं २ रुपये १६ पैशांचे माइल्स घेण्यासाठी २ रुपये रोख मोजायचे. त्यात बसत नाही. सोनं बँकेतून भरा.

लग्नात कार्ड चालवायचंच तर कापड, पाहुण्यांच्या खोल्या, तिकिटं ह्यांवर चालवा. वर्षाला ठरावीक खर्चाचा टप्पा ओलांडला की वरचे पॉइंट देणारं कार्ड असेल तर लग्नाच्या वर्षात तो टप्पा सहज गाठला जातो. फक्त वर्ष कुठून मोजतात ते बघा. काहींचं वर्ष कार्ड मिळाल्या तारखेपासून असतं, जानेवारी किंवा एप्रिलपासून नव्हे. मांडववाला आणि आचारी ह्यांचं काय ते तुम्हाला माहीतच आहे.

११. मारुती गल्लीत, खडेबाजारात सगळे क्यूआरच पुढं करतात. तिथं माइल्स कसे मिळवायचे?

क्यूआरवर फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, ही सोय २०२२ मध्ये आली. माइल्सची नावाजलेली कार्डं बहुतेक व्हिसा किंवा मास्टरकार्डची आहेत, ती यूपीआयला लागत नाहीत. शिवाय यूपीआयवरच्या खर्चाला पॉइंट कमी किंवा मर्यादित असतात. आणि दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. घरच्या माणसाच्या खात्याचा क्यूआर चिकटवला असेल तर कार्डानं पैसे जात नाहीत. कुंद्याच्या दुकानात मी हे दोनदा अनुभवलंय, डबा बांधून झाल्यावर.

१२. फौंड्रीचा कच्चा माल माझ्या स्वतःच्या कार्डानं घेतला तर चालतंय काय?

एखाददुसरं बिल कोणी बघत नाही. पण वैयक्तिक कार्ड धंद्याला वापरू नये, अशी अट बहुतेक बँकांच्या कागदात असते, आणि महिन्याला चार-पाच लाख एकाच पुरवठादाराकडं जाताना दिसले की बँक पॉइंट गोठवू शकते, जमलेले काढूनही घेऊ शकते. धंद्याचं कार्ड वेगळं मिळतं, त्यावरही पॉइंट असतात. माझ्या बाजूनं अजून एक कारण: वर्षअखेरीला घरचा आणि धंद्याचा खर्च एका विवरणातून निवडत बसायला मला लागतं, आणि त्याची फी मी लावतो.

१३. आधारवर नाव एक, कार्डावर दुसरं. माइल्स अडतील?

अडतात, आणि आपल्या भागात जास्तच. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आधारवर कन्नड पद्धतीनं नाव आणि पुढं नुसतं आद्याक्षर. बँकेतलं नाव आणि विमान कंपनीच्या खात्यातलं नाव जुळलं नाही तर पॉइंट पाठवणं फेटाळलं जातं, किंवा दोघं एकमेकांकडं बोट दाखवत बसतात. विमान कंपनीचं खातं उघडतानाच पासपोर्टप्रमाणं नाव टाका आणि बँकेतलं नाव त्याच्याशी जुळवून घ्या. एकदा पॉइंट साठल्यावर दुरुस्ती करायला वेळ लागतो.

गावाचं नाव मात्र अडत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झालं, जुन्या कागदांवर बेळगाव आहे. माइल्स माणसाच्या नावावर जातात, गावाच्या नाही.

१४. माझे माइल्स, पण तिकीट जर्मनीतल्या मुलाला काढायचंय.

काढता येतं. पॉइंट मात्र मुख्य कार्डधारकाच्या विमान खात्यातच जातात, मुलाच्या नाही. तिथून त्याच्या नावानं तिकीट काढायचं. क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी नॉमिनी नेमावा लागतो, जास्तीत जास्त पाच. आधी नेमून ठेवा. बायकोला दिलेल्या अ‍ॅड-ऑन कार्डाचे पॉइंटही तुमच्याच खात्यात येतात. कुठल्या शहरातून उडायचं ते प्रश्न ५.

१५. परदेशात कार्ड घासलं तर जास्त माइल्स मिळतात म्हणे.

मिळतात, पण परकी चलनाचा मार्कअप, म्हणजे परदेशी खर्चावर बँक वर लावते ती टक्केवारी, बघा. बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. १०० रुपयांना ४ माइल धरले तरी ७२ पैशांनी २ रुपये ८८ पैसेच होतात. सव्वा रुपया तुमच्या खिशातून. मार्कअप न लावणारी कार्डंही आहेत, परदेशी खर्चाला ती वेगळी ठेवा. आणि तिथल्या मशीननं "रुपयांत भरणार?" असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर आणखी वाईट असतो.

१६. शिनोळीत काम, घर चंदगड तालुक्यात, खातं बेळगावात. अर्ज फेटाळला. का?

बँका पिनकोड बघून कार्ड देतात, आणि सीमेवरचे बरेच पिन त्यांच्या यादीत नसतात. माणूस बेळगावात दिवस काढतो, पत्ता मात्र कोल्हापूर जिल्ह्याचा. अर्ज फेटाळला तर नेमकं कारण लेखी देणं बँकेवर बंधनकारक आहे. ते मागा. पिनच कारण असेल तर कारखान्याचा किंवा बेळगावातला खरा पत्ता, पुराव्यासह, देऊन बघा. खोटा भाडेकरार करू नका. कार्ड पोस्टानं येतं तेव्हा ते कुणाच्या हातात पडेल ह्याचा विचार करा.

१७. ह्या महिन्यात ओढाताण आहे. किमान रक्कम भरली तर माइल्स तर मिळतात ना?

मिळतात, आणि ते तुम्हाला आयुष्यात सगळ्यांत महाग पडतात. ४०,००० रुपये मागं राहिले आणि महिन्याला ३.६ टक्के व्याज असेल तर १,४४० रुपये, त्यावर जीएसटी २५९. जवळजवळ १,७०० रुपये. ४०,००० वर १०० ला ३ प्रमाणं माइल्स मिळाले १,२००, म्हणजे ८६४ रुपयांचे. शिवाय एकदा बाकी राहिली की पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्यानं वरचे सोळा प्रश्न सोडून द्यावेत.

१८. फी परवडत नाही, कार्ड बंद करतोय. पॉइंटचं काय?

बँकेकडं पडून असलेले पॉइंट कार्डाबरोबर बहुधा जातात. विमान कंपनीच्या खात्यात गेलेले माइल्स तुमचेच राहतात, कार्ड असो नसो. म्हणून आधी पॉइंट वापरा किंवा पाठवा, ते पोचल्याचं खात्यात दिसू द्या, मग बंद करण्याचा अर्ज द्या. फी लागायच्या महिनाभर आधी हे करा. एकदा बँकेला फोन करून "बंद करतोय" म्हणून बघा, कधी कधी फी माफ करतात किंवा फीएवढे पॉइंट देतात.

बाकी शून्य असेल तर अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात. फोनवर सांगून थांबू नका, ईमेल करा, तारीख राहते. कार्डावर लावलेले मोबाइल, वीज, सिनेमाचे मासिक हप्ते आधी दुसरीकडं हलवा, नाहीतर ९९ रुपयांच्या बाकीपायी कार्ड उघडं राहतं. शून्य बाकीचं शेवटचं विवरण आलं की ते जपून ठेवा आणि कार्ड चिपच्या मधोमध कापा.